इम्युनोथेरपी चालू असताना वडिलांना जुलाब लागले, डॉक्टरांनी स्टिरॉइड लिहून दिलं. द्यावं का, की कॅन्सरचं औषध वाया जाईल?

द्या. आणि घरात "स्टिरॉइड म्हणजे विष" म्हणणारं कुणी असेल, तर गोळ्यांचा डबा त्यांच्या हाती पडू देऊ नका.

आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, किडनीच्या कॅन्सरसाठी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध चालू होतं. पोट बिघडल्यावर इंदूरच्या आमच्या अख्ख्या रामबागेनं खापर फोडलं सराफ्यावर, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीवर. अण्णा संध्याकाळी वरणभात खाऊन आडवे होणारे, सराफ्यातल्या गाड्या लागतात तेव्हा ते घोरत असतात! जवळच्या डॉक्टरांच्या लोपेरामाइडनं जुलाब जरा दबले, मग शेम आणि रक्त पडायला लागलं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, रोजच्यापेक्षा किती वेळा जास्त? चार ते सहा म्हणजे मध्यम, सात किंवा वर म्हणजे गंभीर. निवोलुमॅब कॅन्सरवर थेट घाव घालत नाही, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींचा पीडी-१ नावाचा ब्रेक सोडवतं. मग त्या पेशी आपल्याच आतड्यावरही तुटून पडतात. शौचाच्या तपासणीत जंतू निघाले नाहीत, म्हणून प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या.

उतार पडताच भावजींनी कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. "हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते." होतं तसं, नाही कोण म्हणतंय? पण हा डोस निदान चार ते सहा आठवडे लावून पायरीपायरीनं उतरवायचा असतो. व्हायचं तेच झालं, दुखणं उलटलं. मग टीबीची तपासणी करून इन्फ्लिक्सिमॅब, हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध, सलाईनमधून द्यावं लागलं. लग्नाकार्यात भावजी अजून सांगतात, "त्या कॅन्सरच्या इंजेक्शननं अण्णांचं पोट बिघडवलं." पहिल्यांदा बिघडवलं भावजी, कबूल. दुसऱ्यांदा कुणी?

तुमचा प्रश्न राहिलाच. दुष्परिणाम आवरायला दिलेल्या स्टिरॉइडनं कॅन्सरवरचा फायदा बुडतोच असं नाही. आतड्याला भोक पडलं तर मात्र इम्युनोथेरपीचा पुढचा डोस विसरा.

अण्णांचा थायरॉइड पुढे कायमचा मंदावला, ते स्टिरॉइडनं भरून येत नाही. रोज उपाशीपोटी गोळी. उपचार थांबल्यावर कित्येक महिन्यांनीही असलं काही उपटतं, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी इम्युनोथेरपीचं आधी सांगा. धाप, छातीत दुखणं, डोळे पिवळे दिसणं, यांत सकाळची वाट बघू नका.

आणि हो, मी डॉक्टर नाही. डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. मी नाही, आणि तुमच्याकडच्या भावजींनी तर नाहीच नाही.