रिंग सायडेरोब्लास्ट दिसले, म्हणजे एमडीएसच का?

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे. हिमोग्लोबिन ७.६, एमसीव्ही (तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान) ७४, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) ६८०. पाच महिन्यांपासून टीबीच्या गोळ्या चालू आहेत. बोन मॅरोच्या (हाडातल्या, रक्त बनवणाऱ्या मज्जेच्या) रिपोर्टात ‘रिंग सायडेरोब्लास्ट १८ टक्के, एमडीएसची शक्यता’ असं आलंय. पुढे काय करायचं?

उत्तर : एमडीएस म्हणजे मॅरोत रक्तपेशी नीट न घडण्याचा, कर्करोगाच्या जातीचा आजार. पण नुसत्या १८ टक्क्यांवरून कारण कळत नाही. हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) तयार होताना न वापरलं गेलेलं लोह तांबड्या पेशींच्या पूर्वपेशीत, केंद्रकाभोवतीच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जाघरांत) अडकतं. पर्ल्स स्टेन (लोह दाखवणारा रंग) केला की ते निळ्या मण्यांसारखं दिसतं. किमान ५ मणी आणि केंद्रकाचा निदान एक तृतीयांश घेर, एवढं भरलं तरच ती पेशी रिंग सायडेरोब्लास्ट. एक-दोन सुटे ठिपके निरोगी मॅरोतही सापडतात. एमडीएससाठी १५ टक्के (एसएफ३बी१ जनुकात बदल असेल तर ५) ही मर्यादा खरी, पण औषधं, दारू, शिसं आणि कॉपरची कमतरता आधी वगळायची असते.

इथे पहिला संशय टीबीच्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिडवर. हीमच्या पहिल्याच पायरीला बी-६ जीवनसत्त्व लागतं आणि ही गोळी नेमकं तेच अडवते. एमसीव्ही ७४ हेही एमडीएसशी फारसं जुळत नाही. तिथे तो बहुधा नॉर्मल किंवा वाढलेला असतो.

पॅथॉलॉजिस्टना विचारा : ब्लास्ट (अगदी कच्च्या पेशी) किती? मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी) बेढब आहेत का? तांबड्या आणि पांढऱ्या, दोन्ही पूर्वपेशींत व्हॅक्युओल (पोकळ फुगे) आणि प्लाझ्मा पेशींत (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींत) लोह असेल, तर सीरम कॉपर करा. झिंकच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत कॉपर कमी पडून हे घडतं आणि हमखास एमडीएस समजलं जातं. रक्ताच्या स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या पातळ थरात) तांबड्या पेशींत जाड निळे ठिपके असतील, तर शिशाची पातळी पाहा.

टीबीच्या गोळ्या मनानं बंद करू नका. बी-६ चा डोस आणि गोळ्यांतला बदल डॉक्टरच ठरवतील. काही आठवड्यांत रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी), मग हिमोग्लोबिन वाढायला हवं. नाहीच वाढलं, तर एसएफ३बी१ तपासा. उलट टीबीचा कोर्स संपल्यावर बी-६ थांबवताच ॲनिमिया परतला, तर हीमच्या त्याच पहिल्या पायरीचं एएलएएस२ हे जनुक तपासावं. हा आनुवंशिक प्रकार कधीकधी उतारवयातही उघड होतो.

प्रश्न : मॅरोच्या स्मिअरमध्ये रिंग आहेत, बायोप्सीत (हाडाच्या तुकड्यात) नाहीत. खरं कुठलं?

उत्तर : स्मिअर. हाड मऊ करायला वापरलेल्या ॲसिडमध्ये लोह धुऊन जातं. मात्र स्मिअरमध्ये मॅरोचे कण असायला हवेत, आणि सोबत पॉझिटिव्ह कंट्रोलची (लोह नक्की असलेली) स्लाइड.