डेंग्यूचा ताप. दवाखान्यातल्या लॅबमध्ये प्लेटलेट ४२ हजार, दुसऱ्या दिवशी बाहेरच्या लॅबमध्ये १ लाख ९० हजार. दवाखान्यातली मशीन भंगार असतात का?

मशीनला शिव्या घालायच्या आधी ईडीटीएचा बल्ब (रक्त गोठू न देणारं औषध घातलेली नळी) नीट हलवला होता का, ते विचारा. डेंग्यू उतरताना प्लेटलेट चढतात, पण त्याला काही दिवस लागतात. एका रात्रीत ४२ हजारांचे १ लाख ९० हजार होत नाहीत. म्हणजे दोनपैकी एक काउंट खोटा, आणि माझा संशय पहिल्यावर आहे.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या, साध्या थ्री-पार्ट मशीनला (पांढऱ्या पेशींचे तीनच गट करणाऱ्या) प्लेटलेट ओळखता येत नाही, त्याला फक्त आकार कळतो. बारीक भोकातून एकेक कण जातो, विजेला अडथळा होतो, अडथळा जेवढा मोठा तेवढा कण मोठा. साधारण २ ते ३० फेम्टोलिटरमधला (पेशी मोजायचं अतिसूक्ष्म माप) कण म्हणजे प्लेटलेट. दहा-पंधरा प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की तो पुंजका या मापाबाहेर जातो. मशीन त्याला सोडून देतं, नाहीतर पांढऱ्या पेशींत धरतं.

पावसाळ्यातला एक नमुना सांगतो. तापाचा चौथा दिवस, प्लेटलेट ३१ हजार, पांढऱ्या पेशी १४ हजार. इथेच खटकलं, कारण डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा खाली येतात. प्लेटलेटच्या ग्राफची रेघही उजवीकडे तळाला टेकत नव्हती. बल्बमध्ये लाकडी काडी फिरवली तर टोकाला शेवईएवढा लाल तंतू. शीर बारीक, सुई दोनदा इकडेतिकडे फिरवलेली, रक्त सिरिंजमध्ये रेंगाळलेलं, मग बल्बमध्ये ओतून बल्ब तसाच स्टँडला लावलेला. दुसऱ्या हातातून नव्याने रक्त घेतलं: १ लाख ५८ हजार. तोवर इकडे ॲडमिशनची चिठ्ठी लिहून झाली होती. डॉक्टरांचा निष्कर्ष काय, तर "आता फाइव्ह-पार्ट मशीन घेऊन टाकू." अहो, गोठलेलं रक्त पाच लाखांच्या मशीनलाही गोठलेलंच दिसतं!

रक्त घ्यायचं कसं? पट्टा एक मिनिटाच्या आत सोडायचा. रक्त संथ पण सलग यायला हवं. सिरिंजने घेतलं असेल तर सुई काढून, बल्बच्या कडेने हळू सोडायचं. सुईतून जोराने ढकललं की लाल पेशी फुटतात. २ मिलीच्या खुणेपर्यंत, कमी नाही, जास्त नाही. कमी भरलं तर ईडीटीए जास्त होऊन पेशी आक्रसतात, जास्त भरलं तर ईडीटीए पुरत नाही आणि गुठळी होते. लगेच बूच लावून आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट. खुळखुळ्यासारखं हलवायचं नाही.

आता स्लाइड. १ लाखाच्या खालचा एकही प्लेटलेट काउंट स्लाइड न बघता बाहेर जाऊ नये, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. छोटा थेंब, दुसरी स्लाइड ३० ते ४५ अंशांत धरून एका ओढीत स्मिअर (रक्ताचा पातळ थर), हवेत वाळवायचा. लीशमन (पेशी रंगवायचा रंग) दोन मिनिटं, त्यावर दुप्पट बफर (रंग चढवणारं द्रावण), आठ-दहा मिनिटं थांबून धुवायचं. आधी स्मिअरची शेपटी बघा, पुंजके तिथे जमतात. मग तेल टाकून १०० च्या लेन्सखाली, लाल पेशी जेमतेम एकमेकींना टेकतात त्या भागात, दहा फील्डमधल्या (लेन्समधून एका वेळी दिसणारा गोल म्हणजे फील्ड) प्लेटलेट मोजा. सरासरी गुणिले १५ हजार. फील्डला दहा दिसल्या तर दीड लाखाच्या आसपास. हा अंदाजच आहे, पण ४२ हजार आणि १ लाख ९० हजार यातला फरक त्यात लपत नाही. "स्लाइडला वेळ कुठे आहे" म्हणणाऱ्यांनी एवढा हिशेब करावा: सगळं मिळून पंचवीस मिनिटं, आणि त्यातली निम्मी नुसती वाट बघण्याची.

रक्त नीट घेऊनही पुंजके दिसतात असे लोक हजारात एखादे भेटतात. त्यांच्या प्लेटलेट ईडीटीएतच चिकटतात, आजार काही नसतो. त्यांचं रक्त निळ्या बुचाच्या सायट्रेट बल्बमध्ये घेऊन लगेच मशीनवर लावायचं आणि येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या बल्बमधलं औषध द्रवरूप असतं आणि नऊ भाग रक्तात एक भाग तेच असतं. तुमच्या बाबतीत हे निघालं तर फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक तापात हीच धावपळ.

मशीनचा दोष कधीच नसतो असंही नाही. सकाळी रक्त न घालता नुसतं डायल्युएंट (रक्त पातळ करायचं द्रावण) चालवून प्लेटलेटचा बॅकग्राउंड (रक्ताविना येणारा आकडा) १० हजारांच्या आत येतो का बघायला हवं, आणि रोज कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) लावायला हवा. दवाखान्यात कंट्रोलची वही मागून बघा, टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं. उलटी फसगतही होते: ॲनिमियात लाल पेशी फार बारीक असल्या तर मशीन त्यांनाच प्लेटलेट समजतं आणि आकडा फुगतो. म्हणून बाहेरचे १ लाख ९० हजारही स्लाइडशिवाय मी डोळे मिटून मानणार नाही. मोठ्या लॅबचं कलेक्शन सेंटरही नमुना तासन्‌तास तिथेच ठेवू शकतं.

एक राहिलं. हे वाचून डेंग्यूतला कमी काउंट "पुंजके असतील" म्हणून घरी बसू नका. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जोखमीचे. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, किंवा पीसीव्ही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढत जाणं, यातलं काही असेल तर प्लेटलेट दीड लाख असल्या तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.