विचारलं तर त्याच्या डोक्यात नको ते येईल का?

प्रश्न : मॅडम, मी भांडुपला राहते. धाकटा भाऊ २२ वर्षांचा. कॉलेजच्या लास्ट इयरला दोन केटी लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले, त्यामुळे हातातली जॉबची ऑफर गेली, आणि त्याच सुमारास ब्रेकअपही झालं, हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. एवढ्या उकाड्यात घरात फुल बाह्यांचा टीशर्ट घालून बसतो. परवा माझ्या हातातली भाजीची पिशवी घेताना बाही वर सरकली आणि हातावर जुन्या-नव्या खुणा दिसल्या. म्हणाला मांजराने बोचकारलं. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये मांजर नाहीये. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागा असतो, शनिवारी पिऊन येतो. आई म्हणते लक्ष वेधून घ्यायला करतो, बाबा म्हणतात नोकरी लागली की होईल सरळ. मला त्याला स्पष्ट विचारायचंय, पण विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घातला असं तर होणार नाही ना?
– एक ताई

उत्तर : ताई, विचारा. हा अंक हातात पडेपर्यंत विचारलं नसेल तर आज रात्रीच विचारा. तुमची भीती मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते, पण या विषयावर जेवढा अभ्यास झालाय त्यात सरळ विचारल्याने आत्महत्येचे विचार वाढतात असं दिसलेलं नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी शेवटी विचारलं याचंच हलकं वाटतं, कारण तो विचार एकट्याने डोक्यात घेऊन फिरणं हेच भयंकर दमवणारं असतं.

फक्त शब्द नीट निवडा. आपल्याकडे विचारतात कसं, तर "काही वेडंवाकडं करणार नाहीस ना रे?" आता या प्रश्नाला "नाही" सोडून दुसरं उत्तर देता येतं का? समोरच्याला लगेच कळतं की हिला "नाही" ऐकायचंय, आणि तो तुम्हाला "नाही" देऊन टाकतो. त्यापेक्षा असं म्हणा, "तुझ्या हातावरच्या खुणा मी बघितल्या. मी ओरडणार नाहीये. कधी असं वाटतं का तुला की जगूच नये, जीव द्यावा?" आणि मग गप्प बसा. एक मिनिट, दोन मिनिटं, कितीही अवघड वाटलं तरी. वन बीएचकेत आईबाबांसमोर हे होणार नाही, मला माहितीये. जेवण झाल्यावर "चल, स्टेशनपर्यंत येतोस का" म्हणून बाहेर काढा, शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, पोरं जास्त बोलतात.

उत्तर "हो" आलं तर दचकू नका, "आईबाबांचा विचार केलास का" असं तर अजिबात नको, त्याने आधीच खूप केलाय आणि आपण ओझं झालोय असं वाटणं हाच त्या दुखण्याचा मोठा भाग असतो. पुढचं विचारा, कसं आणि कधी करायचं हे ठरवलंयस का. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच रात्री जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं, गरज पडली तर १०८ ला फोन करून. तसं नसेल तर याच आठवड्यात सायकिअॅट्रीची ओपीडी गाठा, केईएम, सायन, नायर तिन्हीकडे आहे, महापालिकेची हॉस्पिटलं असल्यामुळे खर्चाच्या भीतीने थांबायचं कारण नाही. आणि मध्ये कधीही १४४१६, हा केंद्र सरकारचा टेली मानस, मानसिक आधारासाठीची हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता.

आता आईंचं म्हणणं. लक्ष वेधून घेणारा मुलगा उकाड्यात बाह्या खाली ओढून बसत नाही हो, तो लपवतोय. स्वतःला इजा करून घेणारी बरीच मुलं त्या क्षणी मरायला निघालेली नसतात, आतली घालमेल सहन होत नाही म्हणून ती कशीतरी खाली आणायला ते करतात. पण म्हणून ते किरकोळ समजायचं नाही, कारण असं वारंवार करणाऱ्यांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका खरोखर वाढतो, आणि आधी एकदा प्रयत्न झालेला असेल तर ती सगळ्यात मोठी धोक्याची खूण. तेही विचारून घ्या.

आणि बाबांचं, की नोकरी लागली की सरळ. कारण एकच असतं असं आपल्याला फार वाटतं. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांच्या आणि आत्महत्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या, २०२२ च्या आकड्यांत देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, आणि कारणांच्या रकान्यात ३१.७ टक्क्यांपुढे "कौटुंबिक समस्या" असं लिहिलंय. मला त्या रकान्याचा राग येतो. आयुष्य असं एका रकान्यात बसतं का? तुमच्या भावाचंच बघा, केटी, गेलेली ऑफर, ब्रेकअप, मोडलेली झोप, दारू, आणि या सगळ्याची लाज, एकावर एक चढत गेलंय. त्यातली दारू आणि झोप मी वेगळी काढते कारण तिथे लगेच हात घालता येतो. दारू उदासी वाढवते आणि वर ब्रेकही काढून टाकते, जे शुद्धीत फक्त मनात येऊन गेलं असतं ते नशेत हातून होऊ शकतं. मानसिक आजार सुरू व्हायचं वयही साधारण विशीच्या मध्यापर्यंतच असतं, म्हणून "वय आहे, जाईल" म्हणू नका, डिप्रेशन आहे का हे डॉक्टरांना बघू द्या.

पण ताई, एवढं सगळं असूनही बहुतेक मुलं यातून बाहेर येतात. तारून नेणाऱ्या गोष्टी साध्या असतात. प्रयत्न करून वाचलेल्या लोकांवर डब्ल्यूएचओने पाच देशांत एक अभ्यास केला होता, २००८ साली छापून आला, आपलं चेन्नई त्यात होतं. काहींना नेहमीचे उपचार, काहींना त्यासोबत तासाभराचं नीट समजावणं आणि पुढे दीड वर्ष अधूनमधून फोन किंवा भेट, "कसा आहेस" विचारायला. दीड वर्षाने या दुसऱ्या गटात आत्महत्येने गेलेले खूपच कमी होते. कुणीतरी परत परत विचारत राहणं, बस. हे तुम्ही करू शकता, दर बुधवारी लंच टाइमला एक फोन, केटीचा विषय न काढता.

दुसरं, घरातली जास्तीची औषधं आणि जे काही धोक्याचं असेल ते कुलपात किंवा मावशीकडे. तीव्र इच्छेची ती लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानेच माणसं वाचतात. तिसरं, एक कागद त्याच्यासोबत बसून लिहा. लाट यायच्या आधी त्याला काय जाणवतं, तेव्हा काय केलं की बरं वाटतं, कुणाकडे जाऊन बसता येतं, कुणाला फोन करायचा. शब्द त्याचे हवेत, तुमचे नाही. फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवू दे.

आणि घरात कुणी "पोलीस केस होईल" म्हणून दवाखाना टाळत असेल तर त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली आहे असंच धरून चालायचं ठरवलं, आणि आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या न्यायसंहितेत राहिलंच नाही.

प्रश्न : आम्ही दोघी पार्ल्याच्या होस्टेलवर रूममेट. ती रात्री म्हणाली की आता बास झालं, मला राहायचंच नाहीये, आणि लगेच शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर मैत्री तुटेल. – एफवायची एक मुलगी

उत्तर : शपथ मोड. तिला सांगूनच मोड, "मी हे एकटी नाही सांभाळू शकत, म्हणून सांगतेय, चल आपण दोघी जाऊ." रेक्टर, घरचं ज्याच्यावर तिचा विश्वास आहे ते माणूस, नाहीतर आत्ता रूममधूनच १४४१६, स्पीकरवर टाकून. आज तिला एकटी झोपू देऊ नकोस. ती चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. ती चिडायला आहे ना, तेवढं पुरे.