ऑस्करचे सिनेमे पाहायला बसतोयस ना?

अरे, सुरुवात सर्वोत्कृष्ट चित्रपटापासून करू नकोस. त्या गटात मतदार पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीची मतं सगळ्यांत कमी असलेला सिनेमा बाद होतो आणि ती मतं पुढच्या पसंतीला जातात. म्हणजे थोड्यांनी जीव ओवाळून टाकलेला सिनेमा मागे पडून पुष्कळांना बऱ्यापैकी आवडलेला जिंकू शकतो.

मी आधी ध्वनी आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट हे गट बघतो. २०२४ मध्ये ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला हे दोन्ही मिळाले. लॅपटॉपच्या स्पीकरवर लावलास तर एका कुटुंबाची बाग, फुलं, पाण्यात खेळणारी मुलं एवढंच हाती लागेल. चांगला हेडफोन लाव, दिवे मालव. मग भिंतीपलीकडून गोळ्या, किंकाळ्या आणि भट्ट्यांची अखंड घरघर येते. भिंतीपलीकडची ऑशविट्झ ही नाझींची मृत्युछावणी जवळजवळ फक्त ऐकू येते. माझ्या मते त्या वर्षीचं सगळ्यांत चोख बक्षीस ते ध्वनीचंच.

आणि नामांकन हुकलेले सिनेमे सोडू नकोस. आपला ‘श्वास’ २००४ साली भारताकडून गेला होता, नामांकन मिळालं नाही. शस्त्रक्रियेनंतर नातवाला दिसणार नाही म्हणून आजोबा आदल्या दिवशी त्याला हॉस्पिटलातून गुपचूप बाहेर नेतात, तिथे अजूनही माझा गळा दाटतो.