घरी केलेलं पॅराशूट झोके खात तिरकं पडतं, 7 वर्षांच्या मुलीला यातनं विज्ञान कसं दाखवू?

मध्यभागी भोक पाडा, करंगळी जाईल एवढं. मी साताऱ्याचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या बिल्डिंगमधली सहा-सात पोरं जमवून हा खेळ दरवर्षी होतो आणि सगळ्यात जास्त वाद या भोकावरनंच होतो, कारण भोक पाडलं की हवा निसटणार आणि पॅराशूट दाणकन आदळणार असं सगळ्यांना वाटतं. तुमच्या मुलीलाही आधी विचारा काय होईल ते, मगच कात्री द्या. भोक नसलं की खाली कोंडलेली हवा कधी या कडेनं तर कधी त्या कडेनं निसटते म्हणून छत्री झोके खाते, मधनं वाट मिळाली की सरळ उतरते. 22 ऑक्टोबर 1797 ला पॅरिसमध्ये गार्नरँ नावाचा फ्रेंच बलूनवाला टोपलीत बसून वर गेला आणि त्यानं बलूनचा दोर कापला, त्याच्या छत्रीला भोक नव्हतं, खाली येईपर्यंत टोपली नुसती हेलकावत होती. ही गोष्ट भोक पाडून झाल्यावर सांगा, आधी नको.

प्लास्टिक पातळ घ्या, नव्या साडीचं कव्हर चालतं, 30 सेंटीमीटरचा गोल कापा, 8 दोरे सारख्या अंतरावर सेलोटेपनं चिकटवा. दोरे निदान गोलाच्या रुंदीएवढे लांब पाहिजेत, आखूड असले की छत्री नीट उघडतच नाही. फुलपुडीचा दोरा बरा, शिलाईचा फार गुंततो, आणि मांजा अजिबात नको, बोटं कापतात. वजनाला चिंचोके, चिंधीत पुरचुंडी बांधून, कारण ते पोरांना मोजता येतात.

गच्चीवरनं सोडू नका, आमच्याकडं वारा सुटला की पॅराशूट अजिंक्यताऱ्याच्या बाजूला जातं ते परत मिळत नाही. जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेतनं सोडा पण कठड्यापाशी मोठं माणूस पाहिजेच, पोरं वाकतात. 6 मीटरवरनं नुसती पुरचुंडी सेकंदाच्या जरा वर वेळात खाली येते, पॅराशूटला किती लागतो ते मोबाईलवर मोजा, तीन-तीनदा, कारण एखाद्या वेळी दोरा अडकतोच.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हे मात्र पाळा, चिंचोकेही वाढवले आणि गोलही मोठा केला तर कशामुळं काय झालं ते कळतच नाही. 10 चे 20 चिंचोके केले तर वेग दुप्पट होत नाही, साधारण 1.4 पट होतो, दुप्पट व्हायला 40 लागतात, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. 7 वर्षांच्या पोरीला हे सांगायची गरज नाही, तिला फक्त 20 आणि 40 टाकून बघू द्या.

गेल्या सुट्टीत आमच्यातल्या एका मुलीनं मधेच विचारलं की चांद्रयानाला पॅराशूट का नव्हतं. मी उलट तिलाच विचारलं छत्री कशावर फुगते, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, तिथं हवा नाही ना!