सोळाव्या वर्षीची केस आणि पोलीस भरती

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा असताना विसर्जन मिरवणुकीतल्या मारामारीत सापडला. बाल न्याय मंडळाने समज देऊन घरी पाठवलं. आता तो 19 वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय. केस झालेल्या मुलाला वर्दी मिळत नाही, असं लोक म्हणतात. त्याला दुसरी वाट धरायला सांगू का? – एक आई

उत्तर : अजिबात नको. लोक सांगतात ते मोठ्यांच्या केसबद्दल असतं. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 24 नुसार अल्पवयात घडलेल्या गुन्ह्यामुळे मुलगा अपात्र ठरत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर दोषसिद्धीची नोंद नष्ट करण्याचा आदेशही मंडळाने द्यायचा असतो. अपवाद एकच: सोळा पूर्ण झालेल्या मुलाचा अतिगंभीर गुन्हा बाल न्यायालयाने प्रौढांसारखा चालवलेला असेल तर. तुमच्याकडे तसं नाही.

कायदा बाजूने असला तरी नोंद आपोआप पुसली जात नाही. आधी मंडळाच्या अंतिम आदेशाच्या तीन-चार प्रमाणित नकला काढा. हे आधीच करायचं, कारण कागद नष्ट झाल्यावर नक्कल कुठून मिळणार? मग कलम 24(2) खाली मंडळाकडे अर्ज द्या. त्यात पोलीस ठाण्याचं नाव आणि गुन्हा क्रमांक हवाच. आदेश झाला की त्याची प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या. ‘सात वर्षं थांबा’ असं ऐकायला मिळेल. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत सात वर्षांचा उल्लेख आहे खरा, पण तो नोंद ठेवण्याच्या कमाल मुदतीचा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

खरी गोची बहुधा इथे होते: मारामारीत सज्ञान मुलंही होती का? अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत कुणी सज्ञान नसेल, तर अल्पवयीन मुलावर एफआयआर न करता स्टेशन डायरीत नोंद घेतात. सज्ञान असतील तर एकच एफआयआर होतो, त्यात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणून तुमच्या मुलाचंही नाव राहतं आणि मोठ्यांची केस कोर्टात चालूच असते. चारित्र्य पडताळणीत मग ‘प्रलंबित’ असा शेरा येऊ शकतो. वास्तविक कलम 74 प्रमाणे निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करायची नाही. पडताळणीच्या अर्जासोबत या कलमाचा उल्लेख असलेलं पत्र जोडा.

साक्षांकन नमुन्यातला, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी उमेदवाराने भरायच्या फॉर्ममधला, प्रश्न शब्द न् शब्द वाचा. ‘कधी अटक किंवा खटला’ असं स्पष्ट विचारलं असेल, तर माझं मत सरळ आहे: ‘नाही’ लिहू नका. ‘अल्पवयात, मंडळाकडून निकाली, कलम 24 लागू’ असं लिहा आणि नक्कल जोडा. माहिती खरीच द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग निकालात बजावलंय.

तरीही निवड रद्द झाली तर कारण लेखी मागा आणि मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) दाद मागा. अल्पवयातल्या गुन्ह्यावरून सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या) एका उमेदवाराला नाकारलं होतं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. वकिलांना तो काढायला सांगा.