गेटवर परत उभं राहण्याआधी

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा एक्स-रे पाहिला. खाली तू एकच प्रश्न लिहिला आहेस: पुढच्या महिन्यातल्या बीएमएक्स रेसला (उंचवटे आणि उड्यांच्या ट्रॅकवरच्या सायकल शर्यतीला) उतरू का? हाड जुळत आलंय, याचा आनंद आहे. पण तू डोक्यावरही आपटली होतीस आणि त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. म्हणून आधी डोक्याचं बोलू.

तुटलेली कॉलरबोन एक्स-रेत दिसते, कन्कशन, म्हणजे मार बसून मेंदूला झालेली इजा, दिसत नाही. डोकं ठणकणं, उजेड नकोसा होणं, वाचलेलं लक्षात न राहणं, उगाच चिडचिड होणं, यातलं काहीही शिल्लक असेल तर ट्रॅक बंद. तू जिथे रेस करतेस त्या ऑस्ट्रेलियात तुझ्या वयाच्या खेळाडूंसाठी मार्गदर्शक सूचना आहेत. लक्षणं पूर्ण थांबल्यावर किमान १४ दिवस धडकाधडकीचा सराव नाही आणि दुखापतीपासून किमान २१ दिवस तशी स्पर्धा नाही. हे किमान आकडे आहेत. एकविसावा दिवस उजाडला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, ती डॉक्टरच देणार. मेंदू सावरलेला नसताना बसलेला दुसरा मार साधा वाटला तरी फार महागात पडतो.

ऑस्ट्रेलियाची बीएमएक्स रायडर साया साकाकिबारा तुला आवडते ना? टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, सेमीफायनलला ती पडली आणि स्ट्रेचरवरून बाहेर गेली. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये तिचा भाऊ काई बाथर्स्टच्या वर्ल्ड कपमध्ये पडून त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली होती. सायाच्या कन्कशनचा त्रास पुढेही रेंगाळला आणि तिला थांबावं लागलं. २०२३ मध्ये तिने वर्ल्ड कप मालिका जिंकली आणि २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्ण. पडण्यापासून पदकापर्यंत तीन वर्षं गेली, आणि तू आठवडे मोजते आहेस.

यावर तू डच रायडर नीक किमानचं नाव घेशील, मुलं घेतातच. टोकियोत सराव करताना ट्रॅक ओलांडणाऱ्या एका अधिकाऱ्यावर तो आदळला, गुडघ्याच्या वाटीला तडा गेला आणि तरी त्याने सुवर्ण जिंकलं. खरं आहे. पण गुडघा दुखतो तेव्हा ओरडून सांगतो, मेंदू सांगेलच असं नाही.

आता खांदा. हाडांच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावरही सायकलला हात लावण्याआधी घरात बघ: एक मिनिट प्लँक, दहा पुश-अप्स, दोन्ही हातांवर सारखा भार. जोर एका बाजूला सरकला तर अजून वेळ आहे. मग सपाट रस्त्यावर २० मीटरचे स्प्रिंट. ते जमले की रोलर्सवर (ट्रॅकवरच्या गोल उंचवट्यांवर) फक्त पंप, म्हणजे पेडल न मारता अंगाच्या हालचालीने वेग घ्यायचा, चाक जमिनीवरून उचलायचं नाही. त्यानंतर छोटे टेबल (सपाट माथ्याच्या उड्या), मग एकटीने गेट (सुरुवातीची, सुटताना खाली पडणारी फळी), मग दोघी-तिघींसोबत आणि आठ जणी सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीवर निदान दोन सराव. दुखलं की एक पायरी खाली.

इतकं हळू का, ते ऐक. पडून आलेला रायडर नकळत दुखऱ्या हाताला जपतो. कोपरं ताठ होतात, बर्ममध्ये (उंच कडेच्या वळणावर) सायकल बाहेर फेकली जाते आणि उडी अंगावर आली की बोट ब्रेकवर जातं. हवेत मागचं चाक रोखलं की सायकलचं नाक खाली जातं आणि पुढचं चाक आधी टेकतं. दुसरी पडझड अशीही होते. त्यामुळे टेबलवर बोट ब्रेकपासून लांब ठेव.

सायकलही तुझ्यासोबत पडली होती. हेल्मेट आपटलंय, ते बाहेरून कितीही चांगलं दिसो, नवं घ्यायचं. हे आईबाबांना स्पष्ट सांग, पैसे इथेच घालायचे. फ्रेमचा हेड-ट्यूबजवळचा (हँडलखालच्या नळीजवळचा) जोड चांगल्या उजेडात बघ, केसाएवढी रेघ दिसली तरी फ्रेम बाद. हँडलबार स्टेममध्ये (त्याला धरणाऱ्या तुकड्यात) फिरलाय का ते तपास. क्रँक (पेडलचा दांडा) हाताने पूर्ण फिरवून चेन सगळीकडे सारखी आहे का बघ. सगळ्यात घट्ट जागीही वरखाली साधारण एक सेंटिमीटर ढील हवी. गेटवर सुटलेली चेन म्हणजे थेट हँडलबारवर छाती.

आणि गेट. रेस सगळी मिळून तीस-चाळीस सेकंदांची. पहिल्या उतारावर मागे पडलीस की पहिल्या बर्ममध्ये गर्दीत अडकतेस, आणि तुझी मागची पडझड तिथेच झाली. 'वॉच द गेट' या आवाजी सूचनेनंतर किती थांबायचं हे यंत्र ठरवतं, ०.१ ते २.७ सेकंदांमधलं काहीही. अंदाज बांधलास की पुढचं चाक गेटला अडकतं. पहिल्या बीपवर नीघ. उभी राहताना पुढची क्रँक आडव्याहून किंचित वर, नजर उताराच्या तळाशी. निघताना कंबर आधी थोडी मागे, लगेच हँडलबारकडे. नुसतं हँडल ओढलंस तर पुढचं चाक उचललं जातं आणि तुझा पहिला पेडल वाया जातो.

गिअर बदलू नकोस. ४४/१६ (पुढे ४४ दात, मागे १६) जड वाटतोय तो सराव सुटल्यामुळे, दोन-तीन आठवड्यांत पूर्वीसारखा वाटेल.

गेटची पायरी येईल त्या दिवशी पाच स्टार्ट कर, सहावा नाही. कुणाला तरी बाजूला, कमरेच्या उंचीवर फोन धरून उभं कर. पहिल्या आणि पाचव्याचा व्हिडिओ पाठव. मला पहिल्या दोन पेडलमध्ये तुझा डावा कोपर वाकतोय का तेवढंच बघायचंय. रेसचं त्यानंतर ठरवू.